लोखंडी लिव्हरांचा जिल्हा

माझ्या नोकरीत मी निदान दीड-दोन हजार माणसांचा श्वास काढून घेतला, आणि त्यातली बहुतेक सगळी माणसं आपल्या पायांनी चालत घरी गेली. एवढं एक वाक्य लिहून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण संपादक म्हणाले, पानं भरायची आहेत.

मी लॅब टेक्निशियन. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात छत्तीस वर्षं रक्त, लघवी आणि बेडका या मालाची उलाढाल केली. पण जिल्ह्यात ओळख मिळाली ती हवेनं. अजूनही राळेगावच्या बसस्टँडवर उतरलो की कोणीतरी ओरडतं, "अरे, हवावाले भाऊ आले!" आणि शेजारचा माणूस माझ्या हातात सायकलचा पंप शोधायला लागतो.

ती वर्षं कापसाच्या दैन्याची. तेव्हा आमच्या जिल्ह्यात कोण आलं नाही ते विचारा. रोज एक पथक, रोज एक जीप. कोणी माती मोजून नेली, कोणी पाणी, कोणी बोंडातल्या अळ्या मोजल्या, कोणी प्रश्नावल्या घेऊन माणसांची मनं मोजली. एका शेतकऱ्यानं म्हणे वैतागून दारावर पाटीच लावली होती, 'आमचे मोजून झाले आहे'. ही पाटी मी स्वतः पाहिलेली नाही, पण ज्यानं पाहिली त्याला मी पाहिलेलं आहे. मोजायचा राहिला होता तो फक्त श्वास. तो मोजायला डॉक्टर सबनीस आले.

सबनीस पुण्याचे, लिव्हरचे डॉक्टर. बोलणं हळू, चालणं हळू, फक्त डोकं जोरात. आमच्याकडे लिव्हरला चारही बाजूंनी मार होता. फवारणीचं औषध होतं, गढूळ पाण्याची कावीळ होती, बाटली होती, आणि कावीळ उतरवणारे वैदूही होते. डॉक्टरांनी एक यंत्र आणलं. दिसायला हार्मोनियमच्या पेटीएवढं, वजनाला म्हशीएवढं. चार माणसांनी ते पहिल्या मजल्यावर चढवलं, त्यातल्या दोघांनी त्याच दिवशी माझ्याकडे कंबरदुखीची तक्रार नोंदवली.

हे यंत्र काय करतं ते सोपं करून सांगतो. जिनिंग फॅक्टरी, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, बाहेरून उभी दिसते. भिंती आहेत, पत्रे आहेत, वॉचमन आहे. पण आत किती यंत्रं चालू आहेत, ते कसं कळणार? लाल खूण केलेला एक गाडा कापूस पुढच्या दारातून आत सोडा, आणि मागच्या दारातून लाल रुई किती वेळात बाहेर येते ते पाहत बसा. लिव्हर ही तशीच जिनिंग. रक्ताची तपासणी सांगते की भिंत पडली का, पत्रा उडाला का. श्वासाची तपासणी सांगते की काम चालू आहे का. आम्ही रुग्णाला एक पांढरी पूड द्यायचो. तिच्यात खुणेचा कार्बन असतो, साध्या कार्बनपेक्षा किंचित जड, पण निरुपद्रवी. ती पूड फोडण्याचं काम फक्त लिव्हर करतं. फोडली की खुणेचा कार्बन श्वासातून बाहेर. पूड घेण्याआधी एका थैलीत फुंकायचं आणि नंतर दर दहा मिनिटांनी एकेक थैली, तासभर. एकूण सात थैल्या. यंत्र पहिल्या थैलीशी बाकीच्या ताडून पाहतं आणि कागदावर रेघ काढतं. लिव्हर धडधाकट असेल तर रेघ झपकन चढते आणि मग उतरते. लिव्हर थकलेलं असेल तर रेघ आडवीच पडून राहते, वैशाखातल्या कुत्र्यासारखी.

इतकं सोपं. फक्त माणसं सोपी नव्हती.

मुकुटबनकडचा एक बँडवाला आला होता, क्लॅरनेट वाजवणारा. म्हटलं, हळू फुंक. त्यानं 'हळू' फुंकलं आणि थैली फुटून भिंतीवरचं कॅलेंडर दोन महिने पुढे गेलं. एका गृहस्थानं चौथी थैली मोठ्या भावाकडून फुंकून आणली. का? "तो घरचा करता मानूस हाये ना भाऊ, त्याचा श्वास जास्त चांगला." विडीवाल्यांचं तर विचारूच नका. विडीनं लिव्हरमधला तो पूड फोडणारा कारागीर भडकून दुप्पट काम करतो. म्हणजे छातीचा खुळखुळा झालेला माणूस आमच्या कागदावर पहिलवान. आणि एकानं दोन थैल्यांच्या मध्ये अंगणात जाऊन गाडीला बैल जुंपून पाहिले, कारण बसून कंटाळा आला. अंगमेहनत केली की श्वासातला वायूच वाढतो, हिशेब बिघडतो. हे सगळं मी शिकलो आणि ताळ्यावर आणलं. महिन्याभरात मी असा तयार झालो की सबनीस पुण्याला निघून गेले तरी काम थांबलं नाही. ते पंधरवड्यातून एकदा यायचे, कागद पाहायचे.

आता माझी करणी सांगतो.

पूड द्यायची ती चहातून. डॉक्टरांनी दिलेल्या छापील कागदावर स्पष्ट होतं, 'औषध कोमट, बिनदुधाच्या, बिनसाखरेच्या चहातून द्यावे'. कारण दिलेलं नव्हतं. मला वाटलं, शहरातली माणसं, त्यांना फिकं आवडत असेल. पण आमच्याकडे फिका चहा कोणाला देतात? ज्याला पुन्हा घरी येऊ द्यायचं नाही त्याला. पहिल्या रुग्णानं एक घोट घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याची सोयरीक मोडली. दुसऱ्यानं खिडकीतून चूळ टाकली, पुडीसकट. तिसरी म्हातारी म्हणाली, "बावा, मारायचं असन तर सरळ मार." उपाशी आलेली माणसं, वीस-वीस कोस लांबून आलेली. माझ्या हातून ते होईना. चौथ्या रुग्णापासून मी साखर घातली. आणि मी साखर घालतो तेव्हा घालतो. चमचा कपात उभा राहिला पाहिजे. रजिस्टरमध्ये मी लिहायचो, 'औषध चहातून दिले'. यात एक अक्षर खोटं नाही.

चहा लोकप्रिय झाला. तपासणी नसलेली माणसंही 'हवा द्यायची हाये' म्हणून रांगेत उभी राहायला लागली. सबनीस आले की त्यांनाही मी तोच चहा पाजायचो. ते म्हणायचे, "वानखडे, तुमच्या हाताला काय चव आहे हो."

आणि निकाल! रेघा अशा चढायच्या की बघत राहावं. सबनीस कागद हातात धरून म्हणाले, "कमाल आहे. एवढं सगळं सोसून या लोकांची लिव्हर लोखंडाची आहेत. तुमच्या आहारात काय विशेष आहे?" मी कशाला कमी पडतो? अंबाडीची भाजी सांगितली, जवसाची चटणी सांगितली, तुरीच्या दाळीवर अर्धा तास बोललो. ते लिहून घेत होते. माझी छाती फुगली होती. सगळं जग आमच्या जिल्ह्याला बिचारा म्हणत होतं, आणि माझं यंत्र म्हणत होतं, लोखंड! याच फुगलेल्या छातीनं पुढे घात केला असता.

शेवंताबाई आली ती महागावकडच्या एका तांड्यावरून. चाळिशीची, बंजारा, कापूस वेचणाऱ्या बायांच्या टोळीची मुकादम. आवाज असा की ती तांड्यावर हाका मारायची आणि तीन शेतांपलीकडच्या बाया कामाला लागायच्या. पण तेव्हा भिंतीला धरून चालत होती. गर्भपिशवीत गाठ, पाच महिने अंगावरून जात होतं, रक्त निम्म्यावर आलेलं. सोबत नवरा धनसिंग, मितभाषी, हातात तिची पिशवी.

आमच्या सर्जन गावंडे मॅडम. ऑपरेशन करायला हात शिवशिवत होते त्यांचे, पण एक गोष्ट अडत होती. शेवंताबाईला मागच्या वर्षी मोठी कावीळ होऊन गेली होती, आणि रक्ताच्या तपासण्या धड हो म्हणत नव्हत्या, धड नाही. लिव्हर भक्कम असेल तर ऑपरेशन करून बाई सुटेल. लिव्हर खचलेलं असेल तर भूल आणि रक्तस्राव तिला पेलणार नाही, टेबलावरच संपेल. मॅडमनी तिला माझ्याकडे पाठवलं.

"अवो हवावाले भाऊ," पहिली थैली फुंकून ती म्हणाली, "माह्या श्वासात सोनं निंघून राह्यलं का, थैलीत भरून ठेवता ते?"

"निघालं तर अर्धं दवाखान्याचं, शेवंताबाई."

"हौ, आन् अर्धं तुमचं. मले माहीत हाये मुकादमी."

बाई अशक्त, ओठ पांढरे. मी तिच्या चहात नेहमीपेक्षा एक चमचा जास्त घातला, वर गुळाचा खडा. ती कप दोन्ही हातांत धरून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. धनसिंगला म्हणाली, "पाय, याले म्हंते चाय. नाई तं तुही." तासभर हालली नाही, सातही थैल्या शहाण्यासारख्या फुंकल्या. निकाल आला काठावर. पण काठाच्या अलीकडे नाही, पलीकडे. पास.

मॅडमनी कागद हातात घेतला. "वानखडे, रक्ताचा रिपोर्ट मला काही सांगत नाहीये. मी तुमच्या कागदावर सुरी उचलते आहे. पक्कं आहे ना?"

"पक्कं, मॅडम. एकदम पक्कं."

आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या. त्यांचं मला काही वाटत नाही, लोकांचीही करमणूक झाली. पण हे 'एकदम' मी खरं समजून बोललो होतो, आणि तेच आजही बोचतं. सोमवारी तपासणी झाली. शुक्रवारी सकाळी ऑपरेशन ठरलं.

बुधवारी रफीकमियाँ आले. राळेगावचे मोटरपंप मेकॅनिक, सगळ्या तालुक्याच्या विहिरी त्यांच्या पान्यावर चालायच्या. त्यांच्या लिव्हरला सूज आहे की काय अशी शंका होती. मी चहा पुढे केला तर हात आडवा.

"भाऊ, मले शुगर हाये. बिनाशक्करचा द्या."

"कडू लागते, चाचा."

"मोटरीचं ऑइल चाखून सांगतो मी जळालं का नाई. चाय काय कडू लागून राह्यली मले?"

दिला फिका. गटकन प्यायले. तासाभरानं रेघ आली आणि मी कपाळाला हात लावला. झपकन चढली होती आणि अर्ध्या तासात उतरायला लागली होती. माझ्या त्या महिन्यांतल्या कोणाचीच रेघ अशी उतरली नव्हती. सगळ्यांच्या चढायच्या आणि वरच राहायच्या. मी तोंड लांब करून सांगितलं, "चाचा, तुमचं लिव्हर सुरुवातीला पळते आन् मग बसते. बाकीच्यांचं पाहा."

ते बाकीच्यांचे कागद पाहायला लागले. मेकॅनिक माणूस, आकडे कळत नव्हते पण रेघ कळत होती. एक कागद, दुसरा, दहावा, विसावा. चष्मा काढला.

"वानखडेभाऊ, एका गावात साठ मोटरी एकसारख्या जळल्या तर मी मोटर खोलत नाई. लाइन पाहतो."

"म्हणजे?"

"म्हंजे मानसं एकसारखी नसतात ना. कोनी दारू पेते, कोनी हज करून येते. साऱ्यायची रेघ चढते आन् उतरतच नाई? मंग बिघाड लिव्हरात नाई, तुमच्या लायनीत हाये. मले तुमी काय येगळं देलं?"

मी म्हणालो, काही नाही. मग म्हणालो, चहा. मग साखरेच्या डब्याकडे पाहिलं.

यंत्राच्या कागदावर रेघ कशी दिसावी हे मला सबनीसांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. चढून उतरली पाहिजे, कारण पूड संपते. न उतरणाऱ्या रेघा मी लिव्हरची मर्दानगी समजून बसलो होतो. शंका आली नाही असं नाही, पण कौतुक होत असताना शंकेला कोण खुर्ची देतो?

गुरुवारी सकाळी मी उपाशी आलो. पहिली थैली फुंकली. मग शेवंताबाईला दिला होता तसाच चहा केला, तितकीच साखर, तोच गुळाचा खडा. फक्त पूड घातली नाही. पूडच नाही म्हटल्यावर लिव्हरला फोडायला काही नाही, रेघ जमिनीवरून उठायला नको. सात थैल्या भरून रांगेत ठेवल्या आणि यंत्राचं बटन दाबणार तोच लाइट गेले. त्या वर्षांत लोडशेडिंग आमच्याकडे जावयासारखं यायचं, सांगून आणि दिवसभरासाठी. चार वाजेपर्यंत मी माझ्याच श्वासासमोर बसून राहिलो. मध्ये एकदा बायांच्या वॉर्डावरून गेलो. शेवंताबाई शेजारच्या बाईला सांगत होती, "उद्या माही सुटका हाये. पंधरा दिवसात वेचणीवर जातो पाय." मला पाहून हाक मारली, "हवावाले भाऊ, उद्या येजा बरं!"

चारला लाइट आले. यंत्र तापायला अर्धा तास. मग कागद सरकायला लागला. रेघ उठली. हळूहळू, जिन्यानं चढावी तशी, चढली आणि उतरली नाही. औषधाचा कणही पोटात नसताना माझं लिव्हर जोरात काम करत असल्याचा निर्वाळा यंत्रानं दिला होता. लोखंड!

साडेपाचला गावंडे मॅडम निघायच्या. त्यांच्या केबिनपर्यंत वीस पावलं आहेत. ती मी माझ्या आयुष्यात सर्वांत हळू चाललो, आणि वीसही पावलं मी मनात एक चांगली गोष्ट रचत होतो. यंत्र बिघडलं, थैल्या खराब निघाल्या, व्होल्टेज कमी होतं. एकाहून एक सरस. मला जमतं ते. दारातून आत गेलो आणि तोंडातून निघालं, "मॅडम, मी साखर घातली."

त्यांना काही कळेना. मग मी सगळं सांगितलं, दोन्ही कागद टेबलावर ठेवले, माझा आणि शेवंताबाईचा. त्यांनी माझी रेघ तिच्या रेघेवर धरून खिडकीकडे केली. तिच्या चढणीतला पुष्कळ भाग माझ्या चहाचा होता.

मी नोकरी गेली असं धरून चाललो होतो. घरी काय सांगायचं याची जुळवाजुळवही सुरू केली होती.

"उद्याचं ऑपरेशन रद्द," त्या म्हणाल्या. "शनिवारी तिची तपासणी परत. आणि वानखडे, तो साखरेचा डबा आता माझ्या टेबलावर आणून ठेवा."

आणला. तो पुढे दोन वर्षं तिथंच होता.

पण खरा पेपर अजून बाकी होता. शेवंताबाईला सांगायचं कोणी? मॅडम म्हणाल्या, "मी सांगते." मी म्हणालो, नाही, साखर माझ्या हातची. वॉर्डात गेलो. धनसिंग एरवी बोलत नसे, पण त्या दिवशी उभा राहिला. "चार दिसांपासून उपाशी ठेवून राह्यले तिले, आन् आता म्हंता उद्या नाई? कायले खेळता गरिबाशी?" तिला म्हणालो, "शेवंताबाई, माझी चूक झाली. तुम्हाला गोड चहा दिला तो द्यायचा नव्हता. त्यानं निकाल खोटा आला. तुमचं लिव्हर खरं कसं आहे, मला माहीत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. अशी नजर मुकादमच देऊ शकतो, ओला कापूस वजनाला आणणाऱ्याला.

"मंग उद्या मी मरली असती का?"

"माहीत नाही. म्हणूनच थांबवलं."

"तुमाले कोनी पकडलं का चोरी करताना?"

"नाही."

"मंग सोताहून सांगून राह्यले?"

"हो."

ती उशीवर टेकली. धनसिंगला म्हणाली, "बस खाली. मानूस खरा दिसते. चाय बी चांगला करते."

शनिवारी तिनं फिका चहा घेतला. तोंड वाकडं करून, माझ्या खापरपणज्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करून, पण घेतला. रेघ आडवी पडली. मधे जरासं डोकं वर केलं आणि पुन्हा पडली.

सबनीसांना मी फोन केला तो उभं राहून. त्यांची महिन्यांची मेहनत, साठ-सत्तर माणसांचे निकाल, सगळं माझ्या चहात विरघळलं होतं. पलीकडून त्यांचा तो हळू आवाज.

"वानखडे, ऊस, मका आणि ज्वारी ही एका जातीची पिकं. हवेतला जड कार्बन ती इतरांपेक्षा जास्त घेतात. तुमचा कापूस, तूर, गहू वेगळ्या जातीचे. उसाची साखर पोटात गेली की तिचा कार्बन श्वासात येतो आणि यंत्राला तो पुडीचा वाटतो."

"मग इथले लोक तर रोज ज्वारीची भाकर खातात, साहेब."

"म्हणूनच पहिली थैली. पहिल्या थैलीत कालची भाकर येते, ती आपण वजा करतो. तुमची साखर पहिल्या थैलीनंतर आली." मग म्हणाले, "कागदावर मी कारण लिहायला हवं होतं. आणि तो चहा मी स्वतः किती वेळा प्यायलो! मी तपासायला आलेला माणूस, आणि मला गोड लागलं तेवढं बरं वाटलं. चूक एकट्याची नाही."

मोठा माणूस. दुसरा कोणी असता तर माझं नाव खाली आणि आपलं वर लिहून मोकळा झाला असता. त्यांनी एकेकाला बोलावून पुन्हा तपासायला लावलं. मीच गावोगाव फिरलो, थैल्या पाठीवर टाकून. धडधाकट होते ते तसेच धडधाकट निघाले, अगदी खचलेले होते ते तसेच खचलेले. फसले होते ते फक्त काठावरचे. साखरेनं त्यांनाच अल्याडचं पल्याड नेलं होतं. यंत्र खोटं नव्हतं. पण यंत्राला विचारलेला प्रश्न स्वच्छ लागतो, आणि मी माझ्या प्रश्नात गूळ कालवला होता.

या फेरीत मला एक विद्या आली, ती सांगून टाकतो. पहिली थैली पाहून मी ओळखायचो, घरी भाकर खातात की पोळी. भाकरीवाल्यांची थैली जड. आणि गंमत म्हणजे ज्या गावांत पाच वर्षांपूर्वी ज्वारी डोलायची, तिथल्या थैल्या हलक्या निघायला लागल्या होत्या. शेतात सगळीकडे कापूस आणि सोयाबीन, ताटात रेशनचा गहू. इतकी पथकं आली, पण हे कोणाच्या प्रश्नावलीत नव्हतं. लोकांच्या श्वासात होतं. यात माझी अतिशयोक्ती रुपयात चार आणे धरा.

शेवंताबाईला मॅडमनी तीन महिने सांभाळलं. रक्तस्राव थांबवायची औषधं दिली, रक्त चढवलं. काविळीसाठी वैदूकडून आणलेली कसलीशी मुळी ती अजून चोरून उगाळून घेत होती, ती धनसिंगनं शोधून चुलीत घातली. दर महिन्याला ती यायची, थैल्या फुंकायची आणि मला शिव्या घालायची. रेघ थोडी थोडी उठत गेली. लोखंडाची नाही झाली, पण बांबूची झाली. या वेळी मॅडम एका कागदावर गेल्या नाहीत. माझ्या यंत्राची रेघ, रक्ताचे तीन रिपोर्ट, पोटात पाणी आहे का याची सोनोग्राफी आणि तिची स्वतःची भूक, सगळं एकत्र मांडून मगच तारीख दिली. मला पुन्हा विचारलं, "पक्कं आहे का?" मी म्हणालो, "मॅडम, एवढंच सांगतो की तपासणी नीट झाली आहे."

ऑपरेशनच्या दिवशी मी व्हरांड्यात धनसिंगशेजारी बसलो होतो. दोघंही बोलत नव्हतो; त्याला सवय होती, मला नव्हती. दोन तासांनी मॅडम टोपी काढत बाहेर आल्या. धनसिंगला म्हणाल्या, "झालं. ठीक आहे ती." तो मान खाली घालून रडला. मग मला बाजूला घेऊन त्या हळूच म्हणाल्या, "पोट उघडलं होतं, म्हणून हात वर नेऊन लिव्हर चाचपून पाहिलं. कडेला गाठीगाठी आहेत, वानखडे. आज कसंबसं निभावलं. तीन महिन्यांपूर्वी घेतली असती तर..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. मी ते आजवर कोणाला पूर्ण करून सांगितलेलं नाही, आणि मी सहसा दुसऱ्यांची वाक्यं अर्धी सोडत नाही.

या नोकरीनं मला काय दिलं, तर अशी माणसं दिली. रफीकमियाँनी लाइन पाहायला शिकवलं. सबनीसांनी चूक वाटून घेतली. मॅडमनी मला काढून टाकलं नाही, फक्त माझा डबा काढून घेतला. त्यांच्या ऋणात आहे, आणि तिथंच बरा आहे.

शेवंताबाईला सुट्टी झाली त्या दिवशी तांड्यावरच्या सात-आठ बाया जीप भरून तिला न्यायला आल्या. घागरे, आरसे, हातभर बांगड्या. दवाखान्याचा व्हरांडा एकदम उजळला. तिनं माझी बाही धरून मला ओढत त्यांच्यापुढे उभं केलं आणि त्यांच्या गोरबोलीत लांबलचक काही सांगितलं, हातवारे करून, पूर्वीच्या आवाजात. तीन शेतांपलीकडे ऐकू गेलं असेल. बाया माझ्याकडे टकामका पाहायला लागल्या. एक म्हातारी पुढे आली, दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवून तिनं स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

मी धनसिंगला विचारलं, "काय म्हणाली हो ती?"

त्यानं तिची पिशवी आधी जीपमध्ये ठेवली. मग म्हणाला, "सांगून राह्यली का, हा तो मानूस हाये. यानं माह्यं आपरेशन होऊ देलं नाई."